काळ्या जमिनीचा फोटो

आमच्या मजल्यावर एक जंगल राहतं. जंगल खरं अमेरिकेत आहे, जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेला, पण त्याची काळजी वाहणारा माणूस शारजात, अल मजाजला, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुरलीधर खांबेटे त्याचं नाव. बिल्डिंगमधली पोरं त्याला जंगलकाका म्हणतात. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळते, त्यामुळे तो मला ताई म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे.

हा माणूस एका जागी बसलेला मी फार क्वचित पाहिलाय. जेवता जेवता उठतो. फोनवर बोलताना बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालतो. लिफ्टला उशीर झाला तर जिन्यानं दोन मजले उतरतो आणि लिफ्ट आल्याचा आवाज झाला की धापा टाकत परत वर येतो. त्याची बायको हेमा मला एकदा म्हणाली, "ताई, आमच्या सासूबाई म्हणायच्या, मुरलीच्या पायाला भिंगरी आहे. मला नवी नवरी असताना वाटायचं, कौतुकानं म्हणतायत."

शारजात बाहेर किती उकडतंय ते त्याला ठाऊक नसतं. जॉर्जियात वारा कुठून वाहतोय ते विचारा, लगेच सांगेल. आणि ते जंगल त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी फक्त एकदा, आठवडाभर पाहिलंय! एवढ्यावर त्याचा जीव तिथे गुंतलाय. लोक इथे राहून पुण्यातल्या फ्लॅटच्या गळक्या नळाची काळजी करतात, हा जॉर्जियातल्या गवताची करतो.

मूळचा तो गुहागरकडचा. दापोलीला वनशास्त्र शिकला, पण वनखात्यात काही शिरकाव झाला नाही, आणि ऐन पंचविशीत रास अल खैमाच्या एका प्लायवूड कारखान्यात लाकडाची प्रतवारी करायला आला. परदेशातून आलेल्या पाइनच्या फळ्या उलट्यासुलट्या करायच्या, गाठी बघायच्या, खडूनं खूण करायची. कारखान्याचे मालक बू सालेम, म्हणजे सालेमचे वडील. इथे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. लाकूड दुसऱ्याकडून घेत बसण्यापेक्षा आपलंच जंगल असावं असं बू सालेमच्या मनात आलं आणि त्यांनी जॉर्जियात पाइनचं जंगल घेऊन टाकलं. घेतल्यावर ऑफिसात विचारणा झाली, झाडांतलं इथे कुणाला कळतं? एकच हात वर झाला.

मी शाळेत गणित शिकवते. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिल्यावर माणसाच्या कानावर पडायचं ते पडतंच. तर प्रकार असा. पाइन दाटीवाटीनं वाढू दिलं की त्याच्या काठ्या होतात, तुळया होत नाहीत. म्हणून मधली मधली झाडं काढायची, गाजराच्या वाफ्यात विरळणी करतात तशी. उरलेली अंग धरतात आणि त्यांच्या लाकडाला किंमत येते. विरळणी झाली की जमिनीवर ऊन पोचतं, उन्हानं गवत येतं, गवतात बिया आणि किडे येतात, आणि त्यामागे लावे येतात. तिथल्या लाव्याला बॉबव्हाइट म्हणतात. त्याला गच्च रान चालत नाही आणि उघडं माळरानही चालत नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं असतं. ते मधलं टिकवायचं तर दर दोन वर्षांनी झाडांखालचं गवत आणि झुडपं जाळावी लागतात. आग गुडघाभर उंचीची, पाइनच्या जाड सालीला तिचं काही होत नाही. अर्धं जंगल या वर्षी, उरलेलं पुढच्या वर्षी, म्हणजे पाखरांना एक बाजू कायम राखलेली. "आमच्याकडे भाताआधी राब भाजतात ना ताई, तसंच," मुरलीधर म्हणतो. मी सोलापूरची. तरी मान डोलावते.

जंगल घेतलं लाकडासाठी, पण बू सालेमचा जीव पाखरांत. ससाणे पाळणारा माणूस. आपल्या रानात लावे आहेत हे कळल्यावर त्यांनी मुरलीधरला बोलावून सांगितलं, "लकड़ी भी मांगता, चिड़िया भी मांगता." घेतलं तेव्हा लाव्यांचे दोन-चार थवे कसेबसे तग धरून होते. गेल्या दिवाळीच्या सुमाराला मात्र पहाटे चारी बाजूंनी लाव्यांच्या शिळा ऐकू आल्या. तिथला जंगल सांभाळणारा माणूस, वॉल्टर, त्यानं ते रेकॉर्ड करून पाठवलं आणि मुरलीधरनं फराळाला आलेल्या सगळ्या पाहुण्यांना ते ऐकवलं, चहा निवेपर्यंत. माझ्या आयुष्यात एवढा खूश माणूस मी पाहिलेला नाही. त्याची चेष्टा करायचं त्या दिवशी माझ्याही जिवावर आलं.

यंदा गुढीपाडवा आणि ईद लागून आली. पाडव्याचं श्रीखंड उरलं होतं म्हणून ईदच्या दिवशी मी या दोघांना जेवायला बोलावलं होतं. मुरलीधरचा फोन वाजला आणि तो सवयीप्रमाणे उठून उभा राहिला. बू सालेमचा आवाज आम्हाला टेबलापर्यंत ऐकू येत होता.

त्यांचा मुलगा सालेम अमेरिकेत शिकतो. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून तो मित्रांना घेऊन बापाचं जंगल बघायला गेला होता. वॉल्टरनं नुकताच त्यातला एक मोठा भाग जाळला होता. सालेमनं व्हिडिओ काढला आणि घरी पाठवला. सगळी जमीन कोळशागत काळी, खोडांचे बुंधे काळे, कुठेकुठे धूर.

"मुरली, मेरा जंगल जल गया! तुम इधर बैठके खाना खाता है?"

"नो सर, सब ठीक है सर, नथिंग टू वरी सर—"

"मेरा लड़का झूठ बोलता है?"

"नो सर."

"आज से आग नहीं. कटाई भी नहीं. खलास."

फोन बंद झाला. मुरलीधरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून तो बाल्कनीत गेला, आणि तिथून पुढचे कितीतरी दिवस तो बाल्कनीतच होता म्हटलं तरी चालेल.

अडचण काय होती ते हेमानं मला समजावलं. यंदाच्या वाट्यातला अर्धाच भाग जाळून झाला होता. उरलेल्या भागात दोन वर्षांची झुडपं माजली होती. एप्रिल लागला की लावे जमिनीवर घरटी करतात, मग आग लावता येत नाही. म्हणजे आता राहिलं तर वर्षभर राहिलं, आणि तिसऱ्या वर्षी ती झुडपं अशी गच्च होतात की आग त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही. ज्या भागातून दिवाळीत सगळ्यात जास्त शिळा आल्या तो नेमका हाच भाग. शिवाय हुकूम यंदापुरता नव्हता, कायमचा होता. लावे जाणार होते. इतक्या वर्षांत या माणसानं केलेलं जे काही एक काम त्याला स्वतःचं वाटत होतं, ते जाणार होतं.

इथे दुपार कलली की जॉर्जियात उजाडतं. रोज त्या वेळेला वॉल्टरचा फोन यायचा, आज वारा छान आहे, हवा कोरडी आहे, लावू का? आणि मुरलीधर म्हणायचा, थांब. बू सालेम फोन उचलत नव्हते. याचा जीव टांगणीला. कुंड्यांना तो दिवसातून तीनतीनदा पाणी घालू लागला, त्यात हेमाचा पुदिना कुजला. शनिवारी सकाळी दूधवाल्याच्या दुकानात मला भेटला तर एका पायात चप्पल आणि एका पायात घरातली स्लीपर.

त्याची मुलगी अनन्या कॉलेजात आहे. मी त्याच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले तर ती सोफ्यावरून न उठता म्हणाली, "बाबा, जस्ट गो अँड टेल हिम. व्हॉट्स द बिग डील?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून तो तिच्यावर ओरडला. तो मुलीवर कधी ओरडत नाही. अनन्या उठून आत गेली आणि हेमा माझ्याकडे बघत राहिली. मग मुरलीधर एकदम मला म्हणाला, "ताई, गाडी काढाल का? बू सालेम फार्मवर आहेत. ऑफिसच्या ड्रायव्हरला सांगितलं तर सगळ्या ऑफिसला कळेल."

याच्याकडे लायसन्स नाही. कितव्यांदा नापास झाला ते आता त्यालाही सांगता येणार नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच याचा पाय ब्रेकवरून उठतो.

एमिरेट्स रोडला लागेपर्यंत तो पट्टा सारखा ओढत होता, काच खाली-वर करत होता. शेवटी मी म्हटलं, "एवढं घाबरण्यासारखं काय आहे? आग का लावतात ते त्यांना नीट समजावून सांग. अडाणी नाहीत ते."

"त्यांना आग लावतात हेच माहीत नाही, ताई."

"म्हणजे?"

मग ते बाहेर आलं. पहिल्या वर्षी त्यानं बू सालेमना फोटो पाठवले ते जूनमधले होते, गवत तरारून आलेलं, वर निळं आभाळ. बू सालेम इतके खूश झाले की त्यांनी तो फोटो फ्रेम करून ऑफिसात लावला. पुढच्या मार्चला काळ्या जमिनीचे फोटो आले तेव्हा याचा हात धजावला नाही. मालकाला हिरवं आवडतं, हिरवंच पाठवू. काळे फोटो यानं कापले, खालची जमीन वगळून वरचे शेंडे तेवढे ठेवले. रिपोर्टमध्ये आगीला आग म्हणायचं टाळलं, 'अंडरस्टोरी ट्रीटमेंट' असं लिहिलं. मालकांनी सही केली. दर वर्षी हेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, दुष्काळी भागातून आलेली मी, मला सांगितलं असतंस तरी कळलं असतं. त्यांना का नाही कळणार?"

"तुम्ही गल्फच्या ऑफिसात काम केलं नाहीये, ताई," तो म्हणाला. "इथे बॉसला वाईट बातमी कोणी देत नाही. मी पंचवीस वर्षांचा होतो तेव्हाच शिकलो. सर, ऑल गुड सर. फळीला गाठ असली तरी ऑल गुड सर. आईला फोन केला तरी ऑल गुड. लेबर कँपमध्ये सहा जणांच्या खोलीत राहायचो तेव्हा तिला समुद्राचे फोटो पाठवायचो."

समुद्राचे फोटो कोणी पाठवले नाहीत?

बू सालेमचा फार्म दिगदागाच्या बाजूला आहे. खजुराच्या रांगा, एक लांबट बैठा मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, आत भिंतींवर ससाण्यांचे मोठमोठे फोटो. सगळे रुबाबदार, छाती पुढे काढलेले. पलीकडे एक बंद दार होतं आणि त्याच्या आड एसी घरघरत होता. बू सालेम साठीपुढचे, बारीक अंगाचे. मला "मदाम, अहलन" म्हणाले, कहवा आला, खजूर आले. मुरलीधरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"सर, वो अ‍ॅक्चुअली टेक्निकल मॅटर है, सर," मुरलीधरनं सुरुवात केली. "वो जो व्हिडिओ है ना सर, वो सिर्फ एक साइड का है—"

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो थांबला. मग उठून उभा राहिला, कारण बसून खरं बोलणं त्याला जमणारच नव्हतं.

"सर, आग मैंने लगवाई. हर साल लगवाता हूँ."

"मैं साइन किया?"

"किया, सर. मैंने आग नहीं लिखा था. अंडरस्टोरी ट्रीटमेंट लिखा था."

"वो क्या होता है?"

"आग, सर."

मला हसू आलं असतं, पण बू सालेमचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मुरलीधरनं फोन पुढे केला. एकाच झाडाचे दोन फोटो, न कापलेले. एकात जमीन काळी, दुसऱ्यात त्याच जागी कमरेएवढं गवत. मग तो भडाभडा बोलत सुटला. हातवारे, फेऱ्या, मराठी-हिंदी-इंग्रजी सगळं एकत्र. लाव्याचं पिल्लू बोराएवढं असतं. गवताची गादी साचली की त्यातून त्याला चालता येत नाही, आईमागे धावता येत नाही. जळलेल्या जागी नवं गवत येतं तेव्हा वर आडोसा असतो आणि खाली पायवाट मोकळी असते. मोठी पाखरं आग आली की न जाळलेल्या बाजूला जातात. झाड काढलं नाही तर ऊन येत नाही, आग लावली नाही तर वाट राहत नाही.

बू सालेमनी दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले. "मेरा बाप के टाइम इधर एक झाड़ काटने के पहले सब बूढ़ा लोग को पूछता था," ते म्हणाले. "और तुम बोलता है काटो, जलाओ, तब चिड़िया आएगा."

"हाँ, सर."

"कितना साल मेरे को खाली हरा दिखाया?"

"जब से जंगल लिया, सर. आपको हरा पसंद है."

"मैं बच्चा है?"

कहव्याचा कप माझ्या हातात गार झाला होता. बू सालेम उठले, दारापर्यंत गेले, परत आले. दोन अस्वस्थ माणसं एका खोलीत फेऱ्या घालतायत आणि मी मधे बसलेय, असं ते दृश्य होतं.

"बाकी वाला जलाओ," ते शेवटी म्हणाले. "मगर फोटो मेरे को पूरा भेजना. उसी दिन. काला है तो काला. अभी एक बार और काट के भेजा, तो आग भी बंद, तुम भी बंद."

मुरलीधर हरखला. निघता निघता त्यानं विचारलं, "सर, शाहीन लोग कैसा है? एक बार देखूँ?" दर हिवाळ्यात बू सालेम पाहुण्यांना ससाणे दाखवायला हौसेनं नेतात, हे मलासुद्धा माहीत होतं. पण त्यांनी बंद दाराकडे बघून मान हलवली.

"अभी नहीं. अभी पंख गिराने का टाइम शुरू हुआ. इस टाइम मैं किसी को नहीं दिखाता."

परत येताना सगळा रस्ता तो गुणगुणत होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे. घोडं पुढे पेंड खाणार होतं ते कुठे माहीत होतं!

जॉर्जियात पाऊस लागला. एक दिवस, दोन दिवस, चौथ्या दिवशीही पाऊसच. वॉल्टर रोज सांगायचा, ओलं आहे, पेटणार नाही. मुरलीधरच्या फोनवर ढगांचे नकाशे फिरत असायचे. मग ऊन पडलं, गवत सुकलं, आणि एका बुधवारी वॉल्टर म्हणाला, आज लावता येईल, पण दुपारनंतर वारा फिरेल असा अंदाज आहे. मला फारसं पसंत नाही. उद्यापासून पुन्हा पाऊस आहे, आणि एका मादीला मी आजच गवताच्या काड्या नेताना पाहिलंय. तू सांगशील तसं.

त्या वेळी मी त्यांच्याच घरी होते. मुरलीधरनं हेमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्या दोघींचा काही उपयोग नव्हता.

"लाव," तो म्हणाला.

खिडकीबाहेर खालिद लगूनवर दिवे लागत होते तेव्हा वॉल्टरनं व्हिडिओ कॉल केला. सुरुवातीला सगळं छान होतं. आगीची बारीक रांग गवतातून सरकत होती, धूर सरळ वर जात होता. हेमासुद्धा म्हणाली, "किती शिस्तीत चाललंय!" मग सांगितल्या वेळेआधीच धूर आडवा झाला. वॉल्टरचा फोन हलला, कोणीतरी ओरडलं, चित्र गेलं. मुरलीधर दारापासून बाल्कनीपर्यंत आणि बाल्कनीपासून दारापर्यंत चालत होता आणि प्रत्येक फेरीला फोनकडे बघत होता. हेमानं कुकर लावला नाही. अनन्या बाहेर येऊन बापाच्या मागोमाग चार पावलं चालली आणि मग तिनं त्याचा हात धरला.

फोन आला. माणसं सगळी सुखरूप होती. जाळायचा होता तो भाग पूर्ण जळला होता. पण वारा फिरला तेव्हा आग नांगरून ठेवलेली मोकळी पट्टी, जिला जाळरेषा म्हणतात, ती ओलांडून पलीकडे गेली होती. पलीकडे जंगलातली सगळ्यात जुनी, सगळ्यात सरळ, अजून चार-पाच वर्षांनी तुळयांसाठी विकायची झाडं होती. तिथे मागच्या विरळणीच्या फांद्यांचे ढीग पडले होते. ते पेटले आणि आग वर चढली. एका पट्ट्यातल्या झाडांचे शेंडे करपले. त्यातली बरीच वाचणार नव्हती.

मागोमाग फोटो आले. मी पाहिले. काळी जमीन, काळी खोडं, आणि वर हिरव्याच्या जागी गंजलेल्या पत्र्याचा रंग. अगदी कडेला एका फोटोत हिरवं झाड होतं.

मुरलीधर उभ्या उभ्या फोन बघत होता आणि त्याचा अंगठा हलत होता. आधी मला कळलं नाही तो काय करतोय. मग हेमा म्हणाली, "अहो, काय करताय?"

तो फोटो कापत होता. डाव्या कडेनं आत, खालून वर, ते एक हिरवं झाड तेवढं उरेपर्यंत. हेमाच्या बोलण्यानं तो दचकला. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, सवयीनं अंगठा तिकडे गेला होता.

"हा फोटो गेला तर संपलं," तो म्हणाला. "लाकूड पण गेलं आणि आग पण लागली. ते पुढच्या वर्षी काडीसुद्धा ओढू देणार नाहीत. मग कुठले लावे! आणि नाही पाठवला तर... वॉल्टर सांगणार नाही. सालेम आता दोन वर्षं तिकडे फिरकणार नाही. करपलेली झाडं पुढच्या विरळणीत निघून जातील. कोणाला कळणार नाही, ताई."

मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "आज राहू दे. उद्या शांतपणे बघू." फार्मवर त्याच्याकडे डोळे वटारून बघणारी मी, मला त्या क्षणी त्याची नोकरी दिसली, अनन्याची फी दिसली, हेमाचा चेहरा दिसला. पाठवू नकोस, असंच मला म्हणायचं होतं.

 

मुरलीधरनं फोटो पुन्हा मूळचा केला. एकेक करून सगळे निवडले, करपलेल्या शेंड्यांचा पहिला. खाली लिहिलं, सर, हवा फिरली. वॉल्टर नको म्हणत होता, मी हो म्हटलं. मोठी झाडं जाणार. चूक माझी. आणि पाठवून दिले. मग फोन टेबलावर पालथा ठेवून तो कुंड्यांना पाणी घालायला गेला.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही.

गुरुवारी आलं नाही. ऑफिसात कोणी काही बोललं नाही, तेच जास्त भयंकर. मुरलीधरनं टेबलाचा खण आवरून ठेवला, फ्रेममधल्या हिरव्या फोटोकडे बघायचं टाळलं. घरी आल्यावर जेवला नाही. भिंतीपलीकडून मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता, जात होता. मला माझाच राग येत होता, त्याचाही येत होता, आणि त्याच्याबद्दल असं काहीतरी दाटून येत होतं की मी उगीच कपाटं आवरत बसले.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज होऊन रस्ते पुन्हा वाहते झाले होते, तेव्हा माझी बेल वाजली. मुरलीधर दारात उभा होता. दोन्ही पायांत स्लीपर होत्या.

"ताई, हे काय आहे बघा."

फोनवर एक फोटो होता. आधी मला कोंबडी वाटली. पिसं विस्कटलेली, शेपूट अर्धी झडलेली, एक पंख मधेच रिकामा, मानेवर नवी पिसं सुयांसारखी उभी. खाली फरशीवर जुन्या पिसांचा केर पडलेला. डोळे मात्र मोठे, काळेभोर, सरळ बघणारे. मजलिसच्या भिंतीवरच्या रुबाबदार ससाण्यांशी त्याचं काही नातं असेल असं सांगूनही खरं वाटलं नसतं.

खाली बू सालेमचा व्हॉइस मेसेज होता. मुरलीधरनं तो माझ्या दारातच लावला.

"मुरली. ये मेरा सबसे अच्छा शाहीन है. पिछला जुलाई का फोटो. मेरा लड़का भी नहीं देखा." मागे एसीची घरघर. "कितना झाड़ मरेगा, गिनके बोलो. और अगला साल कौन सा साइड जलाएगा, वो भी बोलो. फोटो पूरा भेजना."

मुरलीधरनं मेसेज पुन्हा लावला. तो संपल्यावर त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या दाराशेजारच्या चपलांच्या स्टँडवर टेकला. मी चहा टाकायला आत गेले. उकळून, गाळून, कप घेऊन बाहेर आले तरी तो तिथेच बसला होता.